राखीव प्रतिजैविकं: परवानगी डोसच्या आधी हवी की नंतर?

मात्रा
नमस्कार मंडळी. मी रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे राखीव औषधांची यादी नव्यानं करायचं चाललंय आणि समितीत दोन तट पडलेत, म्हणून इथल्या अनुभवी लोकांना विचारतेय.

सध्याची पद्धत अशी: मेरोपेनेम, व्हँकोमायसिन, लिनेझोलिड, टायगेसायक्लिन, कोलिस्टिन, सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम आणि बुरशीवरची एकायनोकँडिन गटातली औषधं. यातलं काहीही हवं असेल तर आधी फॉर्म, त्यावर वरिष्ठांची सही, मग औषध सुटतं. फॉर्मवर 'कारण' म्हणून रकाना आहे. त्यात बहुतेक वेळा एकच शब्द लिहिलेला असतो, 'सेप्सिस', म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागण्याची गंभीर अवस्था. फुफ्फुसातला, पोटातला की लघवीच्या मार्गातला, पत्ता नाही. सही असते म्हणून आम्ही औषध देतो. पुढे ते किती दिवस चाललं, कल्चरमध्ये (रक्त, लघवी वगैरेतला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) काय आलं, हे तो फॉर्म कुणालाच विचारत नाही.

माझं मत: कुलपाआड अगदी मोजकी औषधं ठेवावीत, बाकीची मोकळी सोडावीत, आणि खरी ताकद दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंटपाशी जाऊन विचारण्यात घालवावी. समितीतला दुसरा गट म्हणतो, कुलूप काढलं की सगळेच मेरोपेनेम लिहितील. तुमच्याकडे काय चालतं?

रात्रपाळी
रुमाल टाकून ठेवतो. ड्युटी संपली की सविस्तर लिहितो, या विषयावर बोलायला खूप आहे.

सहज_वाचक
मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, बाळबोध प्रश्न वाटला तर माफ करा. औषध उपलब्ध आहे, डॉक्टरांना ते द्यायचंय, पेशंट आजारी आहे. मग मध्ये तिसऱ्यानं अडवायचं कशाला? 'राखीव' म्हणजे महाग म्हणून राखीव का?

सूक्ष्मदर्शी
@सहज_वाचक, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. आमच्यातल्याही अनेकांना पैशांसाठीच अडवतात असं वाटतं.

बाकीची औषधं आणि प्रतिजैविकं यांत एक मोठा फरक आहे. रक्तदाबाची गोळी मी घेतली तर तिचा परिणाम माझ्यावर होतो, तुमच्या गोळीचा गुण त्यामुळे कमी होत नाही. प्रतिजैविकाचं तसं नाही. एका खाटेवरच्या पेशंटला मेरोपेनेम दिलं की त्याच्या आतड्यातले साधे जंतू मरतात आणि त्याला दाद न देणारे उरतात. ते हातांवरून, उपकरणांवरून, सिंकमधून शेजारच्या खाटेवर जातात. त्या शेजाऱ्यानं मेरोपेनेमचा एक थेंबही घेतलेला नसतो. शिवाय प्रतिकाराची जनुकं बऱ्याचदा प्लास्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यांवर असतात, त्यामुळे ती एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट केले: अ‍ॅक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, जेंटामायसिन, नायट्रोफ्युरँटॉइन ही पहिल्या गटात. सेफ्ट्रायॅक्सोन, मेरोपेनेम, व्हँकोमायसिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम मधल्या. कोलिस्टिन, लिनेझोलिड, टायगेसायक्लिन, सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम शेवटच्या. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठरलं की २०३० पर्यंत माणसांतल्या प्रतिजैविकांच्या वापरात किमान ७० टक्के वाटा पहिल्या गटाचा असावा, असं जगाचं उद्दिष्ट ठेवायचं.

कोलिस्टिनचीच गोष्ट बघा. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून १९७० च्या दशकात ते जवळपास बाजूला पडलं. नंतर बाकी कशालाच दाद न देणारे जंतू वाढले तेव्हा पुन्हा बाहेर काढावं लागलं. आणि २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनचा प्रतिकार करणारं एमसीआर-१ हे जनुक प्लास्मिडवर सापडलंय, जनावरांतही आणि माणसांतही. तिथे कोलिस्टिन पशुखाद्यातून वाढीसाठी दिलं जात होतं.

२०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविक-प्रतिकारामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून राखीव. बिलाचा मुद्दा त्यानंतर येतो.

सहज_वाचक
धन्यवाद सूक्ष्मदर्शी. शेजारच्या खाटेचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. वाचतोय.

तिसरा_मजला
मी आयसीयूत काम करतो आणि या फॉर्मवर माझा मनापासून राग आहे, तो आधीच सांगतो.

सेप्टिक शॉकचा पेशंट आला, रक्तदाब लागत नाही, रक्तातलं लॅक्टेट (शरीराला रक्तपुरवठा कमी पडतोय याची खूण) चढतंय. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचना सांगतात की शॉक असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर एका तासाच्या आत प्रतिजैविक गेलं पाहिजे. त्या तासात मला श्वासनलिकेत नळी घालायची असते, लाइन टाकायची असते, नातेवाइकांशी बोलायचं असतं. आणि फार्मसीतून निरोप येतो, "सर, सही राहिलीये." ज्यांनी हा नियम केला त्यांनी एकदा त्या तासात माझ्या शेजारी उभं राहावं.

जंतूंचा प्रतिकार मला कळतो. माझ्याच खाटांवर तो रोज दिसतो. पण समोरचा माणूस आत्ता जातोय.

मात्रा
@तिसरा_मजला, तुमचा राग रास्त आहे आणि नव्या मसुद्यात पहिलं कलम तेच घातलंय: पहिला डोस कुणीही अडवायचा नाही. परवानगीचा प्रश्न पहिल्या चोवीस तासांनंतर सुरू होईल. आयसीयूत मेरोपेनेमच्या काही कुप्या ठेवायच्या, सही नंतर.

मात्र त्याच सूचनांत पुढचं वाक्यही आहे ना? शॉक नाही आणि सेप्सिसची नुसती शंका आहे, तर झटपट तपासण्या करून तीन तासांत ठरवा. तो एक तासाचा नियम सरसकट प्रत्येक तापाला लावला जातो. आमच्या फार्मसीत येणाऱ्या मागण्यांत शॉकवाले थोडे असतात. जास्त असतात ते 'ताप उतरत नाही, वाढवून बघू'.

तिसरा_मजला
मान्य. वॉर्डातून आयसीयूत येणारे पेशंट आधीच दोन-तीन औषधं घेऊन आलेले असतात, आणि कल्चर एकही पाठवलेलं नसतं.

रात्रपाळी
ड्युटी संपली, आता लिहितो. रेसिडेंटच्या बाजूनं.

परवानगी फोनवर मागायची असेल तर काय होतं, ते सांगतो. समोरचे सर झोपेतून उठणार, पंधरा प्रश्न विचारणार, क्रिॲटिनिन किती, आधीचं कल्चर कुठलं, कॅथेटर कधी घातला. आम्ही नुकताच पेशंट ताब्यात घेतलेला असतो. मग दोन वाटा. एक, जे सांगितलं की परवानगी मिळते ते सांगायचं. 'न्यूमोनिया' म्हटलं की नाही मिळत, 'व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया' म्हटलं की मिळतं. दोन, ज्या वेळी परवानगी लागत नाही त्या वेळेची वाट बघायची. रात्री अमुक वाजल्यानंतर मोकळीक असेल तर संध्याकाळची ऑर्डर तेव्हाच पडते. हे फक्त आमच्याकडचं नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठ रुग्णालयात नेमकं हेच मोजलं गेलं होतं आणि २००७ मध्ये छापून आलं: परवानगीची वेळ संपली की राखीव औषधांच्या ऑर्डरी वाढतात. म्हणजे कुलपामुळे पेशंटला औषध उशिरा मिळालं आणि वापरही कमी झाला नाही.

आम्हाला खरं हवं असतं ते फोनवर उत्तर देणारं माणूस. "मेरोपेनेम नको" एवढंच म्हणून ठेवून दिलं तर मी काय करू? "मेरोपेनेम नको, या वॉर्डात ई. कोलाय अमिकासिनला दाद देतोय, मूत्रपिंड ठीक आहे ना, मग ते दे, सकाळी मी येऊन बघतो" असं कुणी म्हटलं तर मी त्या माणसाला पुढच्या वेळी स्वतःहून फोन करीन.

जुना_जाणता
रात्रपाळी यांच्या शेवटच्या परिच्छेदाला +१.

कुलपाबद्दल एक जुना पण महत्त्वाचा दाखला. न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात क्लेबसिएला हा जंतू सेफ्टाझिडिमला दाद देईना, म्हणून १९९६ मध्ये ते औषध ज्यात येतं त्या सेफॅलोस्पोरिन गटावर कडक निर्बंध आणले. त्या गटाचा वापर ८० टक्क्यांनी घटला. सेफ्टाझिडिमला न जुमानणारा क्लेबसिएलाही ४४ टक्क्यांनी कमी झाला. उत्तम. पण डॉक्टर त्याऐवजी इमिपेनेम (मेरोपेनेमच्याच गटातलं) लिहू लागले, त्याचा वापर दुपटीपेक्षा जास्त झाला, आणि इमिपेनेमला न जुमानणारा स्यूडोमोनास हा दुसरा जंतू जवळपास ६९ टक्क्यांनी वाढला. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून यादी करताना 'काय बंद' यासोबत 'त्याऐवजी लोक काय लिहितील' हेही आजच लिहून काढा. आणि मोजायचं तर सगळी प्रतिजैविकं मिळून मोजा, दर हजार रुग्णदिवसांमागे उपचाराचे दिवस किती. एकट्या मेरोपेनेमचा आलेख खाली आला म्हणून खूश होऊ नका.

टवाळ_गडी
म्हणजे दार लावलं तर जंतू खिडकीतून, आणि खिडकी डॉक्टरांनीच उघडून दिलेली!

सिस्टर_मालन
आमच्याबद्दल अजून कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. प्रतिजैविक लिहितात डॉक्टर, सोडतात फार्मासिस्ट, पण देतो आम्ही.

पहिली गोष्ट कल्चर. ऑर्डर येते, औषध येतं, सगळे म्हणतात सिस्टर लवकर द्या. रक्त घेतलंय का, हे विचारणारी मी एकटी. डोस गेल्यावर घेतलेल्या कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही, आणि मग त्याच 'निगेटिव्ह'वर चर्चा होते. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिली रक्त लागतं, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून दोन संच. मी कितीदा पाहिलंय, घाईत तीन मिली घालून बाटली पाठवलेली असते. त्यात जंतू सापडायचा कसा? आता मी बाटलीवर किती भरायचं तिथे पेननं रेघ मारून ठेवते आणि औषधाच्या ट्रेमध्येच बाटल्या ठेवते. रक्त आधी, औषध मागून, याला दोन मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट कोलिस्टिन. याच्या कुपीवर कधी युनिट असतात, कधी मिलिग्रॅम. १० लाख युनिट म्हणजे ८० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट (कुपीत कोलिस्टिन याच रूपात असतं), पण कोलिस्टिन बेस म्हणून मोजलं तर तेच साधारण ३३ मिलिग्रॅम. सुरुवातीचा ९० लाख युनिटचा डोस बेसमध्ये ३०० मिलिग्रॅम होतो. आता कुणी नुसतं 'कोलिस्टिन ३०० मिलिग्रॅम' लिहिलं आणि माझ्या हातातल्या कुपीवर ८० मिलिग्रॅम कोलिस्टिमेथेट छापलं असेल, तर हिशोबानं पेशंटला निम्म्याहूनही कमी औषध जातं. ऑर्डर युनिटमध्येच लिहायची, असा नियम तुमच्या यादीत घाला मात्राताई. सही कुणाची आहे, याच्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

तिसरी, पेशंट तोंडानं सगळं खातोय-पितोय आणि लिनेझोलिड अजून शिरेतून चालू आहे. लिनेझोलिड तोंडावाटे जवळजवळ पूर्ण शोषलं जातं. मी सांगायला गेले तर "सिस्टर, तुम्ही ऑर्डर पाळा". समितीत नर्स असेल तर हे ऐकून घेतलं जाईल.

मात्रा
मालनताई, तुमचा प्रतिसाद छापून समितीत नेतेय. कोलिस्टिन फक्त युनिटमध्ये, हे कलम आजच घातलं.

लेकीचा_बाबा
यावर माझाही एक अनुभव. माझ्या मुलीला फिट्सचा त्रास आहे, व्हॅलप्रोएट चालू आहे. ती न्यूमोनियानं दाखल होती, औषध बदलून मेरोपेनेम द्यायचं ठरलं. ते राखीव यादीत असल्यामुळे फार्मासिस्ट वर आले, केसपेपर चाळला आणि डॉक्टरांना म्हणाले, मेरोपेनेमनं व्हॅलप्रोएटची रक्तातली पातळी खूप खाली येते, फिट येऊ शकते. दोघांनी उभ्या उभ्या चर्चा करून दुसरं औषध ठरवलं. मला तोवर वाटत होतं की हे परवानगी प्रकरण म्हणजे सरकारी कामकाज. त्या दिवशी कोणीतरी मुद्दाम थांबून तिचा केसपेपर वाचला, याचे आजही आभार मानतो.

सूक्ष्मदर्शी
@लेकीचा_बाबा, अगदी खरा मुद्दा. लिनेझोलिडचंही तसंच: नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर दिलं तर सेरोटोनिन वाढून धोका, आणि दोन आठवड्यांपुढे गेलं की प्लेटलेट घसरतात का, ते बघावं लागतं. डॅप्टोमायसिन हे प्रतिजैविक फुफ्फुसातल्या सरफॅक्टंटमुळे (आतल्या स्निग्ध थरामुळे) निकामी होतं, म्हणून न्यूमोनियाला चालत नाही. तरी त्यासाठी मागणी येते.

कात्री
सर्जन आहे, शिव्या पडतील हे गृहीत धरून लिहितो. ऑपरेशननंतर पाच दिवस प्रतिजैविक चालू ठेवतात म्हणून आम्हाला सगळे बोलतात. पण जखम चिघळली तर उत्तर आम्हीच देतो ना?

जुना_जाणता
कात्रीसाहेब, शिव्या कशाला? प्रतिबंधाचा डोस चीर देण्याआधी, सेफाझोलिन असेल तर तासाभरात, ऑपरेशन लांबलं किंवा रक्त खूप गेलं तर पुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस स्पष्ट आहे की ऑपरेशन संपल्यावर प्रतिबंध म्हणून पुढे चालू ठेवू नये. पाच दिवस दिल्यानं जखम सुरक्षित होत नाही, पुढचा संसर्ग मात्र हट्टी जंतूचा होतो.

आणि पोटातल्या संसर्गाचं म्हणाल तर तुमच्याच शाखेनं सगळ्यांना धडा दिलाय. २०१५ च्या स्टॉप-इट चाचणीत पू काढून, गळती नीट बंद केल्यावर साधारण चार दिवसांचं औषध आणि आठ दिवसांचं औषध यांचे निकाल सारखेच आले. औषधापेक्षा तुमचा हात महत्त्वाचा, असंच त्यातून दिसलं.

कात्री
हे आवडलं. चार दिवसांवर आमच्या विभागात बोलतो. पण गळती नीट बंद झाली की नाही, हे ठरवणारा माणूस ऑपरेशनमध्ये होता तोच असेल, हेही मान्य करा. बाहेरून फोन करून "आज चौथा दिवस" म्हणणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

मात्रा
मान्य. तिथे आम्ही फक्त विचारायचं, ठरवायचं तुम्ही.

केतकी_वने
अवांतर: 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असं केसपेपरवर लाल शाईत लिहिलेल्या लोकांचं काय? लहानपणी अंगावर पुरळ आलं होतं म्हणून आयुष्यभर शिक्का. माझ्यावरही होता, नंतर तज्ज्ञांकडे तपासणी झाली आणि शिक्का पुसला गेला.

सूक्ष्मदर्शी
अवांतर कसलं, अगदी विषयाला धरून आहे. असा शिक्का असलेल्यांत नीट तपासलं तर ९० टक्क्यांहून जास्त लोकांना पेनिसिलिन चालतं. शिक्का असला की साध्या औषधाऐवजी व्हँकोमायसिन किंवा क्विनोलोन गटातलं प्रतिजैविक दिलं जातं, म्हणजे राखीव यादीवरचा बराच भार या लाल शाईतून येतो. काय झालं होतं, किती वर्षांपूर्वी, गोळी घेतल्यावर किती वेळानं, श्वास अडकला होता का, एवढं विचारलं तरी बऱ्याच शिक्क्यांबद्दल शंका येते. खरी तीव्र ॲलर्जी असलेला माणूसही त्यातूनच ओळखू येतो.

तिसरा_मजला
आता मला एक सांगा. कल्चर निगेटिव्ह आलं, पेशंट सुधारतोय, दिवस तिसरा. मेरोपेनेम बंद करा म्हणून तुम्ही सांगणार. उद्या तो बिघडला तर? बंद करायला जी हिंमत लागते ती सुरू करायला लागत नाही. ही भीती कुठल्याही फॉर्मनं जात नाही.

सूक्ष्मदर्शी
भीती खरी आहे, आणि ती एकट्याच्या डोक्यावर असते म्हणून मोठी होते. पुरावा तुमच्या बाजूनं आहे. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात रुग्णालयांतल्या अशा उपायांचे २२१ अभ्यास एकत्र पाहिले: उपचाराचे दिवस सरासरी दोनेक दिवसांनी घटले, मृत्यू वाढले नाहीत. रक्तातल्या संसर्गावर बॅलन्स नावाची मोठी चाचणी २०२४ मध्ये आली, ३६०० हून जास्त पेशंट, सात दिवस विरुद्ध चौदा दिवस. सात दिवस कमी पडले नाहीत. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा संसर्ग झालेले आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेले पेशंट मुद्दाम वगळले होते, त्यांना हा निकाल लावू नका.

आणि मीही फक्त 'कमी करा' म्हणणारी नाही. २०१८ ची मेरिनो चाचणी आठवा. सेफ्ट्रायॅक्सोनला दाद न देणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला रक्तात असताना मेरोपेनेम वाचवायचं म्हणून पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिलं, तर ३० दिवसांतले मृत्यू १२.३ टक्के, मेरोपेनेमवर ३.७ टक्के. असा पेशंट असेल आणि कुणी कंजूषपणा करत असेल तर मी स्वतः फोन करून सांगते, मेरोपेनेम सुरू करा. उलट एनडीएम (मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करणारं विकर) बनवणारा जंतू असेल तर एकट्या सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमचा उपयोग नाही, त्याला अ‍ॅझट्रिओनामची जोड लागते. कितीही सह्या असल्या तरी चुकीचं राखीव औषध ते चुकीचंच.

तिसरा_मजला
मग तिसऱ्या दिवशी तुम्ही राउंडला या. फोन नको, खाटेपाशी. दोघांनी मिळून बंद करू आणि केसपेपरवर दोघांची नावं लिहू. अशी पद्धत असेल तर मी उद्यापासून तयार आहे.

मात्रा
धागा भरकटला नाही याचा आनंद आहे. आतापर्यंत ऐकलेल्यातून मसुदा असा बदलतेय: कुलपाआड फक्त कोलिस्टिन, टायगेसायक्लिन आणि सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम, तीही पहिला डोस सोडून. मेरोपेनेम, व्हँकोमायसिन, लिनेझोलिड आणि एकायनोकँडिन मोकळी, पण ४८ ते ७२ तासांनी खाटेपाशी आढावा सक्तीचा. सूक्ष्मजीवशास्त्र, फार्मसी, वॉर्डची सिस्टर आणि उपचार करणारे डॉक्टर. फॉर्मवर 'सेप्सिस' चालणार नाही, संसर्ग कुठे आहे ते लिहायचं, आणि अंदाजे कोणत्या तारखेला बंद, तेही. 'सगळे मेरोपेनेम लिहितील' म्हणणाऱ्यांना मी दर महिन्याचा आकडा दाखवीन. सहा महिन्यांत सगळी प्रतिजैविकं मिळून वापर वाढला तर पुन्हा कुलूप लावू.

रात्रपाळी
मस्त. एक भोक राहिलंय: शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालेलं औषध. ४८ तास रविवारी संपतात, तेव्हा तुमच्यापैकी कुणी नसतं. सोमवारी राउंड, मंगळवारी निर्णय. फुकटचे दोन-तीन दिवस.

सूक्ष्मदर्शी
प्रयोगशाळा रविवारीही चालू असते, बाटली पॉझिटिव्ह झाली की ग्रॅम स्टेनचा (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची झटपट तपासणी) निरोप आम्ही कुठल्याही वेळी देतो. अडतं ते निरोप आल्यावर काय करायचं यावर. त्यामुळे शुक्रवारच्या राउंडलाच लिहून ठेवायचं: अमुक उगवलं तर हे औषध, ४८ तासांत काही नाही उगवलं आणि ताप नाही तर रविवारी बंद. ड्युटीवरच्या रेसिडेंटला मग कुणाला उठवायला नको.

रात्रपाळी
लेखी असेल तर मी बंद करीन. नुसतं तोंडी सांगितलेलं असेल तर नाही.

मात्रा
लेखीच असेल. फॉर्मच्या मागच्या बाजूला जागा करतेय, खाली माझी सही.